गेल्या आठवड्याचं विचारणाऱ्या ताई

त्या ताईंना मी फारसं ओळखत नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. तीन वर्षं, दर पंधरा दिवसांनी एका बुधवारी, इस्पितळाच्या त्वचा विभागात भेट व्हायची; तीही वीस-पंचवीस मिनिटं. त्यांना भावंडं किती, सुट्टीच्या दिवशी त्या काय करायच्या, मला माहीत नाही. आई होती, कारण आईचा फोन यायचा.

जन्मापासून कातडीचा आजार असणाऱ्या माणसांचं आमचं एक लहानसं मंडळ आहे. त्याच्या वार्षिक पुस्तिकेत ताईंवर काहीतरी यावं असं ठरलं आणि चिटणीस माझ्याकडे आले. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला सांगा.

"सगळ्यांना विचारून झालं, काका. जो तो तुमचंच नाव सांगतो. तुमच्यामुळेच तर त्यांना इतका..." आणि ते थांबले. पुढचा 'त्रास' हा शब्द त्यांनी गिळला, पण मला ऐकू आला. म्हणून लिहितोय. अर्ज सोडून मी आयुष्यात काही लिहिलेलं नाही. चूकभूल पदरात घ्या.

माझ्या अंगावर जन्मापासून खवले आहेत. वडिलांना होते, मला आहेत. ज्यांना माहीत आहे त्यांना जास्त सांगायला नको, आणि ज्यांना नाही त्यांनी उन्हात वाळलेल्या तळ्याचा तळ डोळ्यांसमोर आणावा. इस्पितळात मी मलमासाठी जातो. ताई तिथे आल्या त्या अभ्यासासाठी. मानसशास्त्रात पीएचडी करत होत्या आणि विषय होता आमची कातडी; म्हणजे अशा कातडीत जन्मभर राहून माणसाच्या मनाचं काय होतं, तो. हाच विषय का घेतला, असं एकदा एका बाईंनी विचारलं. सगळ्यांना वाटलं, घरात कुणाला तरी असणार. ताई म्हणाल्या, "बाकीचे विषय सरांनी आधीच वाटून टाकले होते. हा उरला होता."

त्यांना बसायला जागा दिली होती ती वजनकाटा आणि पाण्याचं मशीन यांच्या मधली. पत्र्याचं टेबल, दोन खुर्च्या आणि एक हिरवा पडदा, जो अर्ध्यावर येऊन अडकायचा. काट्यावर कुणी चढलं की काटा खडखडायचा, आणि ताईंना 'तुम्हाला कधी एकटं वाटतं का?' हा प्रश्न परत विचारावा लागायचा. गळ्यात ओळखपत्र होतं, त्यावर 'संशोधक' असं लिहिलेलं. ते कोण वाचणार? टेबल आहे, समोर कागद आहेत, म्हणजे डॉक्टर.

"बाई, मलम बदलून द्या हो, हे चिकट आहे."

"मावशी, मी त्या डॉक्टर नाही. मी मनाची."

"मन चांगलं आहे माझं. टाच फाटलीये."

या टाचवाल्या मावशी. त्यांच्या तळपायाची कातडी बोटभर जाड आणि मधोमध भेगा. पुढे तीन वर्षं त्या दर वेळी आधी ताईंना टाच दाखवायच्या आणि मग डॉक्टरांकडे जायच्या. ताईंनी शेवटी हात टेकले आणि टाच बघायला लागल्या.

ताईंची अवस्था धड इकडची नाही, धड तिकडची नाही, अशी होती. विद्यापीठात मानसशास्त्रवाले म्हणायचे, कातडीचं आहे ना, मग त्वचा विभागाकडून पत्र आणा. त्वचेचे डॉक्टर म्हणायचे, मनाचं आहे ना, मग तुमच्या विभागाकडून आणा. दोन्ही पत्रं एकदाची आली, तर इस्पितळाच्या नैतिकता समितीनं कागद परत पाठवले. ज्यांना सही येत नाही त्यांच्या संमतीपत्रावर अंगठ्याचा ठसा हवा, म्हणे. आता आमच्यातल्या निम्म्यांच्या अंगठ्यावर रेषाच नाहीत. नावनोंदणीच्या खिडकीवरचं मशीनसुद्धा आम्हाला ओळखत नाही. तिथला कारकून 'दाबा, अजून दाबा' करत बसतो. ताईंनी समितीला तसं कळवलं. उत्तर आलं की, अंगठ्यावर रेषा नसल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडावा, आणि दाखल्यावर ओळख पटवण्यासाठी रुग्णाच्या अंगठ्याचा ठसा घ्यावा.

ते पत्र ताईंनी मला दाखवलं. मी दोनदा वाचलं. "यावर काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा," त्या म्हणाल्या. त्यांनी ते पत्र चार घड्या घालून टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवलं. टेबल डुगडुगायचं थांबलं. "चला, समितीचा काहीतरी उपयोग झाला."

ठशाऐवजी साक्षीदाराची सही समितीनं अखेर चालवून घेतली. आता ती प्रश्नावली. दहा प्रश्न, छापील. प्रत्येकासमोर चार चौकटी: अजिबात नाही, थोडं, बरंच, खूप. त्यांना शून्य ते तीन गुण. सगळे प्रश्न 'गेल्या आठवड्यात' असे सुरू व्हायचे. गेल्या आठवड्यात कातडीमुळे तुम्हाला किती संकोच वाटला? गेल्या आठवड्यात कातडीमुळे कपडे निवडताना अडचण आली का? पोहायला किंवा खेळायला जाणं टाळलं का? ताईंचा पहिला माणूस मी. मी सगळं मन लावून भरलं. कपड्यांची अडचण? सहाव्या वर्षापासून मी पूर्ण बाह्यांचा सदरा घालतो, गेल्या आठवड्यात वेगळं काय होणार? अजिबात नाही. पोहणं टाळलं? मी कुठे जाणार होतो पोहायला? अजिबात नाही. औषधपाण्यात वेळ गेला? रोज सकाळी तासभर मलम चोळतो, पण ते दात घासण्यासारखंच झालंय. थोडं.

ताईंनी बेरीज केली. तीसपैकी तीन. त्यांनी कागदाकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं, परत कागदाकडे पाहिलं. "छान," त्या म्हणाल्या. पण भाजीत खडा लागल्यावर माणूस जसं 'छान' म्हणतो, तसं.

यानंतर जे झालं ते मी केलं.

मी नोकरीत असताना नकाशांच्या नकला काढायचो, तेहतीस वर्षं. अक्षर नीटनेटकं. आमच्यातल्या काहींची बोटं वळत नाहीत, काहींना वाचता येत नाही, काहींचा चष्मा घरी राहिलेला असतो. ताईंकडे गर्दी झाली की मी बाकावर बसून त्यांचे फॉर्म भरून द्यायचो. ताईंनीच सांगितलं होतं, "काका, मदत करा, पण उत्तर त्यांचंच हवं हं." मी त्यातलं पहिलं अर्धंच वाक्य ऐकलं.

म्हणजे खोटं काही लिहिलं नाही. पण माणूस 'थोडं' आणि 'खूप' यांच्यात अडकला की मी म्हणायचो, "थोडं लिहू या. बिचारीला त्रास नको." टाचवाल्या मावशींनी विचारलं, "काय लिहिलं की बाई पास होतील?" मी म्हटलं, कमी गुण म्हणजे आपण बरे, आपण बरे तर त्यांचं काम चांगलं. सगळ्यांना पटलं. डॉक्टरांनी 'कसं काय?' विचारलं की आपण 'बरं आहे' म्हणतो. त्यात काय एवढं? शिवाय त्यांचे ते सर. ते महिन्यातून एकदा फोन करायचे आणि उंटावरून शेळ्या हाकायचे. एवढ्या मोठ्यानं बोलायचे की पडद्याबाहेर बाकावर शब्द न् शब्द ऐकू यायचा. आम्हाला वाटायचं, या बाईला बोलणी बसतात ती आपल्यामुळे. आपण जरा चांगलं वागायला हवं.

साठ माणसांचे फॉर्म हवे होते. चव्वेचाळीस झाले तेव्हा एका बुधवारी सरांचा फोन आला.

"आकडे बघितले मी. यांना काही त्रासच नाही."

"सर, तसं नाहीये."

"अहो, केसांत कोंडा झालेल्या माणसांचे आकडे याहून जास्त येतात! लिहून टाका, मनावर परिणाम आढळला नाही. विषय संपला."

"मी रोज बघते ना सर यांना. आकडे चुकतायत."

"सहा वर्षांत एवढंच शिकलात? आकडे चुकतायत?"

दहा आठवड्यांनी मुदत संपत होती. शेवटची मुदतवाढ होती ती. त्यानंतर नोंदणी रद्द, सहा वर्षं पाण्यात. फोन ठेवतात तोच आईचा आला. आई काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, पण ताई म्हणाल्या, "नाही गं, या वर्षी. हो, मागच्या वर्षीही 'या वर्षी'च म्हटलं होतं. शेजारच्या वहिनींना सांग, अजून दहावीतच आहे म्हणून."

मला तेव्हाच बोलायला हवं होतं. बोललो नाही. माझा स्वभाव तसा आहे, आणि खरं म्हणजे मला अजून नीट उमगलंही नव्हतं.

पुढच्या खेपेला त्यांनीच मला पडद्याआड बोलावलं. टेबलावर एका ओळीत फॉर्म मांडलेले होते. "काका, हे सतरा बघा. बरोबरची खूण बघा. प्रत्येक खूण त्याच कोनात, तेवढीच लांब, चौकटीच्या बरोबर मधोमध. सतरा माणसं इतकी सारखी खूण करतात?"

तेहतीस वर्षांचा हात. लपणार कसा? मी सगळं सांगितलं. 'बिचारीला त्रास नको' हेसुद्धा.

त्यांनी ते सतरा फॉर्म एकावर एक रचून ठेवले. मग बोलल्या ते काट्यावर उभा असलेला माणूस खाली उतरून बघायला लागला, इतक्या जोरात.

"काका, ही परीक्षा नव्हती!"

"मला वाटलं, कमी गुण म्हणजे चांगलं."

"कमी गुण म्हणजे चांगलंच! पण खरे असले तर! मी इथे दोन वर्षं विचारत बसलेय की तुम्हाला त्रास होतो का, आणि तुम्ही सगळे मिळून, मला त्रास होऊ नये म्हणून, होत नाही असं लिहिताय?"

"हो."

"हो काय, हो!"

पडद्याबाहेरून टाचवाल्या मावशींचा आवाज आला, "बाई, त्यांना रागावू नका. आम्ही मनानं केलं."

"मावशी, तुम्ही तर बोलूच नका! पायात रक्त येईपर्यंत भेगा आणि चालण्याची अडचण 'थोडी'?"

"थोडीच आहे. सवय झालीये."

ताईंनी कपाळाला हात लावला. मग पाण्याच्या मशीनखाली ग्लास धरला, तर मशीन रिकामं. त्या हसल्या की काय झालं मला सांगता येणार नाही, पण खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "कुंपणानं शेत खाल्लं म्हणतात, ते हेच. आणि तुम्ही नसतात तर हे सतरा लोक माझ्यासमोर बसलेही नसते, त्यामुळे तुमच्यावर धड ओरडताही येत नाही." हे त्या ओरडूनच म्हणाल्या.

त्यांनी त्याच दिवशी सरांना खरं ते कळवलं. सर म्हणाले, "कोणाला कळणार आहे? राहू द्या." ताई म्हणाल्या, "मला कळलंय ना." झालं. सतरा फॉर्म बाद. चव्वेचाळिसाचे सत्तावीस झाले, आणि आठ आठवडे उरले.

ती सतरा माणसं परत इस्पितळात येईपर्यंत मुदत निघून गेली असती. तेव्हा ठरलं, शनिवार-रविवार घरोघर जायचं. ज्याला जे येतं ते तो करतो. मी सतरा घरांचा नकाशा काढून दिला. प्रमाण घातलं, उत्तर दिशा दाखवली, ओढ्यावरचा पूलसुद्धा काढला.

"सुरेख आहे," ताई म्हणाल्या. "यात बस कुठे आहे?"

"बस नकाशात नसते, ताई."

"मग मी जाऊ कशी? प्रमाणात?"

बसचे आकडे लाल शाईनं नंतर घातले. मला बरोबर न्यावं लागलं, कारण माणसं मला ओळखत होती. पण अट होती. "तुम्ही दाराबाहेर बसायचं. आत पाऊल टाकलंत तर अठरावा फॉर्म बाद." मी जिन्यात बसायचो, ओट्यावर बसायचो. एका ठिकाणी तिसऱ्या मजल्यावर शेजाऱ्यांच्या कुत्र्यानं मला दोन तास खाली उतरू दिलं नाही. ताईंनी आत चहा घेतला, मला बाहेर पाणीही मिळालं नाही. माझी तक्रार नाही.

प्रश्न मात्र त्यांनी बदलले. म्हणजे ते दहा विचारायच्याच, कारण सरांना ते हवे होते. पण त्याआधी विचारायच्या, "काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंत, मला घड्याळ लावून सांगा." दार उघडंच असायचं, त्यामुळे मला ऐकू यायचं. टाचवाल्या मावशी म्हणाल्या, "उठते घरातल्या सगळ्यांच्या आधी दोन तास."

"का?"

"पाय भिजत घालायला. नाहीतर टेकत नाहीत. सून उठायच्या आत चालता यायला हवं ना."

"रोज?"

"लग्न झाल्यापासून. पूर्वी सासू उठायच्या आत."

"आणि मावशी, तुम्ही फॉर्मवर लिहिलंत, औषधपाण्यात वेळ जातो का, अजिबात नाही."

"वेळ कुठे जातो? सगळे झोपलेले असतात."

बाहेर आल्यावर ताई थेट थांब्याकडे निघाल्या. बसमध्ये चढताना एवढंच म्हणाल्या, "दोन तास. अजिबात नाही. दोन तास."

सगळ्यात शेवटी त्या माझ्याकडे आल्या. खरं तर माझा फॉर्म त्या सतरांतला नव्हता. मी माझं खरं ते लिहिलं होतं. तरीही तीनच कसे आले, हे त्यांना सलत होतं. माझ्या खोलीत एकच खुर्ची, ती त्यांना दिली. कालचा दिवस घड्याळ लावून सांगून झाला. मग पोहण्याच्या प्रश्नावर आल्या.

"अजिबात टाळलं नाही, असं आहे इथे. म्हणजे पोहता?"

"नाही. कधी गेलोच नाही."

"कधीच?"

"एकदा गेलो होतो. शाळेतून, तलावावर. सगळी मुलं पाण्यात उतरली. मी सदरा काढला तर मास्तर म्हणाले, तू काठावर कपडे सांभाळ. मग पाण्यातल्या मुलांच्या आया आल्या, त्यांनी मुलांना बाहेर काढलं. मी पाण्यात नव्हतोच तरी. माझी आई म्हणाली, आता परत कुठे सदरा काढायचा नाही."

"काका, हे तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तुम्ही गेल्या आठवड्याचं विचारलं होतं. याला साठ वर्षं झाली."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, परत काही चुकलं माझं. पण त्या माझ्यावर रागावल्या नव्हत्या. छापील कागदावर रागावल्या होत्या. "सहा वर्षं," त्या म्हणाल्या, "सहा वर्षं मी हा कागद घेऊन हिंडतेय!" आणि मला विचारलं, फोन करू का इथून. माझ्यासमोरच सरांना लावला.

"सर, प्रश्नावली ज्यांना आजार नंतर झाला त्यांच्यासाठी आहे. त्यांना आधीचे दिवस आठवतात, त्याच्याशी ते ताडून बघतात. यांना 'आधी' नाहीच."

"जगभर वापरतात ती!"

"वापरू देत. मी दोन्ही देणार. एका बाजूला आकडा, एका बाजूला दिवस. परिणाम नाही असं मी लिहिणार नाही."

सरांनी फोन ठेवला. "ठेवला," ताई मला म्हणाल्या, जसं काही मला ऐकू आलं नव्हतं.

पुढचं थोडक्यात. साठ काही झाले नाहीत, बावन्न झाले. सरांनी प्रबंधावर सही केली ती शेवटच्या दिवशी, कचेरी बंद व्हायच्या आधी, आणि तीही 'माझा या प्रकरणाशी संबंध नाही' असं तोंडानं म्हणत. परीक्षकांनी प्रबंध परत पाठवला, ताईंनी दुरुस्त केला, त्यांनी पुन्हा परत पाठवला, ताईंनी पुन्हा दुरुस्त केला. अखेर पदवी मिळाली. एक प्रत आमच्या मंडळाला दिली. बरीचशी माझ्या डोक्यावरून गेली. मी सहभागी क्रमांक एक आहे. त्या सतरांविषयी एकच वाक्य आहे: सतरा प्रश्नावल्या भरताना त्रयस्थाची मदत झाल्याने त्या बाद करून माहिती पुन्हा घेण्यात आली. त्रयस्थ कोण, कशाला, काही नाही. मी ते पान वाचून प्रत मिटली आणि चिटणिसांना परत दिली.

त्यानंतर एका बुधवारी मी गेलो तेव्हा ताई टेबलावरचे कागद खोक्यात भरत होत्या. त्या दुसऱ्या गावी नोकरीला चालल्या आहेत, हे मला पुढच्या खेपेला कळलं. त्या दिवशी मला वाटलं, आवराआवर चालली असेल. मी विचारलंही नाही.

"काका, कितवा नंबर तुमचा?"

"बेचाळीस."

"आत कितवा गेलाय?"

"एकोणतिसावा."

"मग इथे उभे काय राहिलात? खाली जाऊन चहा घेऊन या."

"नको. नंबर निघून जाईल."

"अहो, तेरा माणसं आहेत पुढे! जा!"